शिवस्मरणाचा इतिहास : समाधि, जन्मतिथि व पुतळे

शिवछत्रपतींच्या चरित्राचीं साधनें गोळा करण्यांत महाराष्ट्रानें शंभराहून अधिक वर्षें घालविलीं. परंतु छत्रपतींचें स्मरण आपण केव्हां केलें, कसें केलें व कोणत्या आधारावर केलें, या गोष्टीकडे इतिहासाचा विषय म्हणून पाहण्याची संवय आम्हांस अजून लागली नाहीं. स्मारक झालें म्हणजे त्यास हार घालावयाचा, त्याचा इतिहास लिहावयाचा नाहीं, असा जणूं कांहीं प्रघातच पडला आहे. वास्तविक स्मरणालाहि कागदपत्र असतात, तारखा असतात, जमाखर्च असतो आणि चुकाहि असतात. बखरींतल्या चुकीपेक्षां स्मारकांतली चूक अधिक दिवस टिकते. कारण बखर चाळणारे थोडे आणि स्मारकापुढें उभे राहणारे लाखों. म्हणून या विषयाची जी माहिती निरनिराळ्या ठिकाणीं विखुरलेली आहे ती एकत्र करून तिची छाननी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

महाराजांचें पहिलें स्मारक कोणतें असें विचारल्यास बहुतेक लोक रायगडावरील समाधीचें नांव घेतील. तें योग्यच आहे. पण तिच्या बरोबरीनें सिंधुदुर्गावरील श्रीशिवराजेश्वराच्या देवळाचा उल्लेख व्हावयास पाहिजे. हें देऊळ राजाराम महाराजांनीं बांधविलें अशी परंपरा आहे. तेथील मूर्तीस दाढी नाहीं आणि मस्तकावर कोळ्यांच्या टोपीसारखें शिरस्त्राण आहे. पुढें चित्रकारांनीं व मूर्तिकारांनीं रूढ केलेल्या शिवस्वरूपाशीं ती जुळत नाहीं, आणि म्हणूनच आमच्या मतें ती अधिक लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. जंजिऱ्याच्या दर्यावर्दी लोकांनीं आपला राजा आपल्या वेषांत पाहिला. याच राजारामाच्या कारकीर्दींत जिंजीस कृष्णाजी अनंत सभासदानें आपली बखर लिहिली. तेंहि एक स्मारकच म्हणावयाचें, मात्र कागदाचें. राज्याभिषेकशक कागदोपत्रीं पेशवाईंतहि चालू राहिला, आणि शिवराई पैसा तर इंग्रजी अमलांतहि बाजारांत फिरत होता. तंजावरास सरफोजी राजांनीं १८०३ सालीं बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सबंध इतिहास मराठींत कोरविला. सारांश, महाराजांची आठवण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोणी नव्यानें उत्पन्न केली, हें म्हणणें साधार नाहीं. त्या वेळीं नवीन उत्पन्न झाली ती स्मरणाची सार्वजनिक पद्धति.

आतां रायगडाकडे वळूं. चैत्र शुद्ध १५ शके १६०२, म्हणजे ३ एप्रिल १६८० रोजीं महाराज गडावर निवर्तले. जगदीश्वराच्या देवळाच्या पूर्वदरवाजापासून थोड्या अंतरावर त्यांची समाधि आहे. याच देवळाच्या पायरीवर गडाचें बांधकाम करणाऱ्या हिरोजीचा नम्र लेख असून भिंतींत राज्याभिषेकाच्या शकाचा, म्हणजे शके १५९६ चा, संस्कृत शिलालेख आहे. समाधीवर असा कोणताहि समकालीन लेख नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. महाराजांच्या मागें अवघ्या नऊ वर्षांनीं, १६८९ त, गड मोंगलांच्या हातीं गेला. पुढें तो सिद्दीकडे आला व १७३३ त मराठ्यांनीं परत घेतला. म्हणजे चव्वेचाळीस वर्षें समाधि परक्यांच्या अमलाखालीं होती. १८१८ च्या मे महिन्यांत कर्नल प्रॉथरनें गडावर तोफा डागल्या, वाड्यांस आग लागली आणि १० मे रोजीं किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्यानंतर गडावर राहिलें तें रान.

या रानांतून समाधि कोणी 'शोधून काढली' यावर अलीकडे बराच वाद माजतो. एक पक्ष जोतीराव फुले यांचें नांव घेतो, दुसरा टिळकांचें. आमच्या मतें हा प्रश्नच चुकीच्या रीतीनें मांडला जातो. समाधीची जागा लोकांस ठाऊक नव्हती असें दाखविणारा पुरावा नाहीं. टिळकांची चळवळ सुरू होण्याच्या बारा वर्षें आधीं, १८८३ सालीं, जेम्स डग्लस यानें आपल्या मुंबईविषयक ग्रंथांत समाधीच्या दुरवस्थेचें वर्णन छापलें, आणि त्याच वर्षीं निघालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत रायगडाची सविस्तर हकीगत आली. जी वस्तु इंग्रज प्रवाशास व इंग्रज सरकारास माहीत होती ती पांचाडच्या माणसास माहीत नव्हती, असें कसें म्हणावें ? फुल्यांचें श्रेय याहून निराळें आणि अधिक मोठें आहे. १८६९ सालीं त्यांनीं महाराजांवरील पवाडा छापून प्रसिद्ध केला. शिवाजीमहाराज हे शेतकऱ्यांचे, कुळवाड्यांचे राजे, ही दृष्टि छापील मराठी वाङ्मयांत त्यांनीं आणली, आणि तीहि सार्वजनिक उत्सवांच्या पंचवीस-सव्वीस वर्षें आधीं. हें श्रेय कागदावर असल्यामुळें तें कोणास हिरावून घेतां येणार नाहीं.

डग्लसच्या लेखानें जी लाज वाटावयाची ती सुशिक्षितांस वाटली. वसईचे गोविंद बाबाजी जोशी यांनीं स्वतः गडावर जाऊन तेथील स्थितीचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांच्यासारख्यांनीं खटपट केली, सरकारकडे अर्ज गेले. आणि या सर्वांचें फळ म्हणून मुंबई सरकारनें समाधीच्या डागडुजीकरितां वर्षाकांठीं पांच रुपये मंजूर केले. पांच रुपये ! या आंकड्यावर पुढें इतकी टीका झाली कीं तो म्हणीसारखा झाला. सरकारचा कृपणपणा उघडच आहे. पण सातारा, कोल्हापूर, बडोदें, ग्वाल्हेर, इंदूर हीं सर्व जागच्या जागीं असतां समाधि सहा-सात दशकें उघडी राहिली, याचा जबाब केवळ मुंबई सरकारकडे मागून चालणार नाहीं.

१८९५ च्या मे महिन्याच्या अखेरीस पुण्यास हिराबागेंत सभा भरली, निधि काढण्याचें ठरलें, आणि केसरींतून देणगीदारांच्या याद्या छापल्या जाऊं लागल्या. पुढील वर्षीं एप्रिलमध्यें रायगडावर पहिला मोठा उत्सव झाला. त्यानंतरच्या वर्षीं प्लेगनें हाहाकार केला होता. त्यामुळें पुण्याचा उत्सव राज्याभिषेकाच्या तिथीस, म्हणजे १८९७ च्या जूनमध्यें, झाला. त्यांत झालेल्या व्याख्यानांची हकीगत १५ जूनच्या केसरींत आली, २२ जूनच्या रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली, आणि सप्टेंबरांत टिळकांस राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. अफझलखानाच्या वधासंबंधींचें एक ऐतिहासिक व्याख्यान न्यायालयांत राजद्रोहाचा पुरावा म्हणून वाचलें जावें, हा प्रसंग इतिहासाभ्यासकांनीं विसरण्यासारखा नाहीं. इतिहास लिहिणें हें त्या काळीं निर्धोक काम नव्हतें.

उत्सवाची लाट महाराष्ट्राबाहेरहि गेली. बंगाल्यांत ती नेण्याचें श्रेय मुख्यतः सखाराम गणेश देउस्कर यांस आहे. हे मराठी कुळांतले, देवघराकडे वाढलेले, आणि लिहीत बंगालींत. कलकत्त्यास १९०२ पासून शिवोत्सव सुरू झाला; १९०४ त रवींद्रनाथ ठाकूर यांनीं देउस्करांच्या पुस्तकाकरितां शिवाजी-उत्सवावर कविता लिहिली; १९०६ च्या जूनमध्यें टिळक स्वतः तेथें गेले. ज्या प्रांतांत १७४२ पासूनच्या भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळें 'बर्गी' हा शब्द मुलांस भीति घालण्याकरितां वापरीत, त्याच प्रांतानें मराठ्यांच्या राजाचा उत्सव करावा, हें आश्चर्य खरें. मात्र तेथेंहि सर्व सुरळीत नव्हतें. १९०६ च्या उत्सवांत भवानीची मूर्ति मांडून पूजा केल्यामुळें मुसलमान व ब्राह्मसमाजी मंडळींस तो आपला वाटेना. राष्ट्रीय उत्सवाचें रूप कसें असावें, हा वाद तेव्हांचा आहे, आजचा नव्हे.

इकडे समाधीचें काम मात्र रेंगाळत राहिलें. हिराबागेंतील सभा १८९५ ची. जीर्णोद्धार पुरा झाला १९२६ च्या सुमारास. मध्यंतरीं तीस वर्षें गेलीं. सरकारची परवानगी, टिळकांवरील खटले, त्यांची मंडालेची शिक्षा, निधीची व्यवस्था अशीं कारणें सांगतां येतात. तरी ज्या निधींत शाळेंतल्या मुलांनीं आपले पैसे घातले त्याचें काम पाहण्यास त्यांतले कितीएक उरले नसतील, हा विचार मनास लागल्यावांचून राहत नाहीं. शिवाय संशोधकास आणखी एका गोष्टीची नोंद करणें भाग आहे. आज यात्रेकरूंस दिसते ती समाधीवरची छत्री ही या जीर्णोद्धारांतली आहे. मूळचें काम म्हणजे अष्टकोनी चौथरा. छत्रीचें छायाचित्र देऊन त्याखालीं सतराव्या शतकांतील वास्तु असें लिहिणारीं पुस्तकें आम्ही पाहिलीं आहेत. अशानें जीर्णोद्धार करणाऱ्यांवरहि अन्याय होतो व मूळ बांधणाऱ्यांवरहि. समाधीशेजारीं १९३६ सालीं बसविलेल्या 'वाघ्या' कुत्र्याच्या पुतळ्याची गोष्टहि याच जातीची आहे. त्याच्या स्वामिनिष्ठेची कथा समकालीन साधनांत मिळत नाहीं. ती लोकांच्या मनांत रुजली ती मागाहून. तो पुतळा २०११ सालीं कांहीं लोकांनीं काढून टाकला व तो पुन्हा बसविण्यांत आला. दोन्ही बाजूंच्या आवेशांत एक साधी गोष्ट कोणी केली नाहीं : कथेचें प्राचीनत्व किती, हें सांगणारा एक फलक तेथें लावावयाचा होता.

जन्मतिथीचा प्रश्न याहून फार गंभीर आहे, म्हणून त्यावर थोडें विस्तारानें लिहितों. चिटणीसांच्या बखरीवरून वैशाख शुद्ध २ शके १५४९, म्हणजे १६२७ चा एप्रिल, ही तिथि रूढ झाली होती. इतर बखरींत तिथि व साल यांचा घोटाळा आहे. १८९६ चा रायगडचा उत्सव याच रूढ तिथीच्या सुमारास झाला. पण ज्यांनीं उत्सव सुरू केला त्यांनींच तिथीविषयीं पहिली शंका घेतली, ही गोष्ट टिळकांच्या चाहत्यांनीं व टीकाकारांनीं सारखीच दुर्लक्षिली आहे. १९०० च्या एप्रिलमध्यें टिळकांनीं केसरींत लेख लिहून उपलब्ध पुराव्यावरून जन्मतिथि निश्चित होत नाहीं असें दाखविलें. पुढें कारीच्या जेधे देशमुखांकडे एक शकावली सांपडली. ती टिळकांनींच १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत छापविली. तींत जन्म फाल्गुन वद्य ३ शके १५५१, शुक्रवार, असा दिला आहे. इंग्रजी जुन्या पद्धतीनें ही १९ फेब्रुवारी १६३० होते.

शकावली ही बखर नव्हे. तींत रसभरित वर्णन नाहीं, कोणाची स्तुति नाहीं. तिथि, वार व घटना यांची कोरडी टिपणें आहेत, आणि तीं गणितानें पडताळून पाहतां येतात. वाराचा पडताळा आजचा वाचकहि घरीं बसून घेऊं शकेल : जुन्या पद्धतीची १९ फेब्रुवारी १६३० म्हणजे नव्या पद्धतीची १ मार्च १६३०; ग्रेगोरी पंचांगाचें चक्र चारशें वर्षांनीं पुन्हा येतें; आणि २०३० सालच्या १ मार्चला शुक्रवारच येतो. त्यानंतर दोन आधार मिळाले. तंजावराहून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं मिळविलेल्या परमानंदकृत शिवभारतांत तीच तिथि आहे; परमानंद हा महाराजांच्या पदरचा कवि. आणि जोधपूरकडील ज्योतिषी घराण्याच्या संग्रहांत निघालेली महाराजांची जन्मकुंडलीहि त्याच तिथीची आहे. मावळांतील देशमुखाचें घर, तंजावरचें ग्रंथालय व मारवाडांतील ज्योतिष्याचें दप्तर या तीन ठिकाणच्या कागदांनीं संगनमत केलें असेल, अशी कल्पना करणें कठीण आहे.

दोन तिथींमध्यें दोन वर्षें दहा महिन्यांचें अंतर आहे. एवढ्यानें काय बिघडतें असें विचारणारे आम्हांस भेटतात. रांझ्याच्या पाटलाच्या प्रकरणाचें पत्र १६४६ च्या जानेवारींतलें आहे. जुनी तिथि खरी मानली तर तें पत्र एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावरील तरुणाचें ठरतें. नवी मानली तर सोळावें वर्षहि पुरें न झालेल्या मुलाचें. पहिल्या पक्षीं तो स्वतंत्रपणें निवाडा देणारा कर्ता पुरुष. दुसऱ्या पक्षीं त्याच्या मागें उभे असलेले दादाजी कोंडदेव व जिजाबाई यांचा हात किती, हा प्रश्न नव्यानें विचारावा लागतो. अफझलखानाच्या भेटीच्या वेळीं वय बत्तीस कीं एकोणतीस, आणि मृत्यूच्या वेळीं त्रेपन्नाच्या घरांत कीं पन्नास पुरे होऊन दीड महिना, हेंहि यावरच अवलंबून आहे. पन्नास वर्षांच्या आयुष्यांत एवढें झालें कीं त्रेपन्न वर्षांच्या, याचें कौतुक करणाऱ्यास फरक वाटणार नाहीं. चरित्र लिहिणाऱ्यास वाटलाच पाहिजे.

आतां स्मरणानें काय केलें तें पाहा. जेधे शकावली छापून अकरा वर्षें झालीं असतां १९२७ च्या ३ मे रोजीं, वैशाख शुद्ध द्वितीयेस, त्रिशतसांवत्सरिक उत्सव सर्वत्र थाटानें झाला. दादर-माहीमच्या मैदानास शिवाजी पार्क हें नांव त्याच वर्षीं मिळालें. आणि नेमक्या त्याच वर्षीं शिवभारत छापून बाहेर पडलें ! एका हातानें आम्ही १६२७ चा उत्सव करीत होतों व दुसऱ्या हातानें १६३० चा पुरावा छापीत होतों. सर जदुनाथ सरकारांसारख्या पंडितानेंहि जुनीच तिथि धरली होती, तेव्हां उत्सव करणाऱ्यांस एकट्यांनाच दोष देण्यांत अर्थ नाहीं. १९६६ त महाराष्ट्र सरकारनें इतिहासज्ञांची समिति नेमली. तिच्यांतहि एकमत झालें नाहीं. अखेर २००१ सालीं सरकारनें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली. प्रथम शंका घेतल्यापासून एकशें एक वर्षांनीं.

तरीहि गोंधळ संपला नाहीं, त्यानें रूप पालटलें. आज सरकारी जयंती १९ फेब्रुवारीस होते, आणि कित्येक मंडळी फाल्गुन वद्य तृतीयेसच जयंती करतात. या वादांत दोन्ही पक्षांस ठाऊक नसलेली एक बारीक गोष्ट अशी कीं, १९ फेब्रुवारी ही जुन्या, म्हणजे ज्यूलियन, पद्धतीची तारीख आहे, व आपण ती नव्या, ग्रेगोरियन, पंचांगांत साजरी करतों. इंग्लंडानें नवी पद्धति १७५२ त घेतली; म्हणून सुरतेच्या व मुंबईच्या इंग्रजी वखारींच्या कागदांत जुन्या तारखा आहेत. गोव्याच्या पोर्तुगीजांनीं मात्र सोळाव्या शतकांतच नवी पद्धति स्वीकारली होती, त्यामुळें त्यांचा कागद त्याच दिवशीं दहा दिवस पुढची तारीख घालतो. हेन्री ऑक्झिंडेनच्या लेखीं राज्याभिषेक ६ जून १६७४ ला झाला, तर त्याच दिवशीं पणजीकडील लेखकानें १६ जून लिहिली असती. सार्वजनिक सुटीस एक ठराविक तारीख लागते हें आम्हांस मान्य आहे. महाराज स्वतः तिथीनें चालत हेंहि खरें. पण पोर्तुगीज कागद वापरणारा संशोधक हे दहा दिवस विसरला तर त्याच्या हातून मोहिमांचा क्रमच उलटा लागावयाचा, आणि असें झालेलें आहे.

पुतळ्यांविषयीं थोडक्यांत लिहितों. पुण्याचा अश्वारूढ पुतळा शाहू छत्रपतींच्या पुढाकारानें योजिला गेला. त्याची कोनशिला १९ नोव्हेंबर १९२१ रोजीं प्रिन्स ऑफ वेल्सनें बसविली. पुढील वर्षीं शाहू महाराज वारले. विनायक पांडुरंग करमरकर यांनीं घडविलेल्या पुतळ्याचें अनावरण जून १९२८ त राजाराम छत्रपतींच्या कारकीर्दींत गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्तें झालें. स्वराज्यसंस्थापकाच्या स्मारकाचा पाया परकीय युवराजानें घालावा, तोहि देशांत त्याच्या भेटीवर बहिष्कार चालू असतां, यावर त्या वेळीं पुष्कळ कडवट लिहिलें गेलें. आमचें मत थोडें वेगळें आहे. ज्या सरकारनें १८९७ त शिवाजीचें नांव घेणाऱ्यास तुरुंगांत घातलें त्यालाच तीस-एकतीस वर्षांनीं त्याच्या पुतळ्याचा पडदा सारावा लागला. यांत माघार कोणाची झाली हें उघड आहे. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंनीं ३० नोव्हेंबर १९५७ रोजीं प्रतापगडावरील पुतळ्याचें अनावरण केलें, आणि २६ जानेवारी १९६१ ला मुंबईच्या बंदरावर पुतळा उभा राहिला. पुढें गांवोगांव उभारलेल्या पुतळ्यांची मोजदाद करण्याचें काम आमच्या शक्तीबाहेरचें आहे.

एकाचा मात्र उल्लेख टाळतां येत नाहीं. मालवणास राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजीं पुतळ्याचें अनावरण झालें आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. पुरे नऊ महिनेहि तो टिकला नाहीं. २०२५ त त्याच जागीं नवा पुतळा उभारण्यांत आला. राजकोटावरून समोर पाण्यांत सिंधुदुर्ग दिसतो, आणि त्याच्या तटाच्या आंत तें शिवराजेश्वराचें देऊळ आहे. २०२५ च्या जुलैंत रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग, जिंजी आदिकरून बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले, ही समाधानाची गोष्ट. त्यामुळें तरी किल्ल्यांवर जुनें कोणतें व नवें कोणतें याची नोंद करण्याचा शिस्तवार प्रयत्न होईल अशी आशा वाटते.

या विषयाचीं साधनें जुन्या दप्तरांत नसून आपल्याच घरांत आहेत : १८९५ नंतरच्या वर्गण्यांच्या पावत्या, गांवोगांवच्या उत्सवांचीं हस्तपत्रकें, १९२७ च्या मिरवणुकींचीं छायाचित्रें, जीर्णोद्धारापूर्वींचीं समाधीचीं चित्रें. तीं जुनीं नाहींत म्हणून कोणी जपत नाहीं, आणि अलीकडे वाड्यांच्या जागीं इमारती उठत असल्यामुळें तीं रद्दींत जात आहेत. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं मूळ आपल्याकडेच ठेवून त्यांच्या नकला अथवा छायाचित्रें संशोधकांस पहावयास द्यावींत. विशेषतः छत्री होण्यापूर्वींच्या चौथऱ्याचें एखादें स्पष्ट छायाचित्र हातीं आल्यास मूळ बांधकामाच्या मापांविषयीं पुढें स्वतंत्रपणें लिहावयाचें आहे.